कुलूप मालाला लावा, माणसांना नको

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीलगतच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. किराणा माल, साबण, तेलाचे डबे, साखरेची-डाळीची पोती आणि थोडी शेतीची औषधं असा माल असतो. हमाल, माल निवडून काढणाऱ्या चार बायका, एक फोर्कलिफ्टवाला आणि रात्रीचा वॉचमन धरून आम्ही बावीस जण. गेल्या महिन्यात साखरेची थप्पी घसरली आणि एका वयस्कर हमाल मामांच्या पायाची दोन बोटं चिरडली. दवाखान्यात ‘घरात पडलो’ म्हणून सांगा, असं मालकांनी त्यांना बजावलं. त्याच्या आधीपासून गोदामातल्या पेट्या मोजणीत कमी भरतायत, म्हणून मागच्या शटरला बाहेरून कुलूप असतं आणि किल्ली मालकांच्या घरी. रात्री गाडी भरून झाली की पुढचं शटरही ओढून घेतात आणि आम्ही आतच आवराआवर करत असतो. सुटताना वॉचमन सगळ्यांची झडती घेतो, बायकांचीसुद्धा. डाळीला कीड लागू नये म्हणून पोत्यांत गोळ्या ठेवतात आणि वॉचमन तिथंच पथारी टाकतो. मालक माझे मामा, आईचे चुलत भाऊ. माणूस वाईट नाही, माझं शिक्षण त्यांनीच केलं. परवा त्यांनी पंचवीस हेल्मेट आणि आठ कॅमेरे आणले आणि म्हणाले, ‘झालं की आता सुरक्षेचं!’ मला पटत नाही, पण मामांच्या तोंडावर बोलवत नाही. सुरुवात कुठून करू?

— एक भाचा, शिरोली

उत्तर

तुमच्या पत्रात बऱ्याच गोष्टी आहेत आणि सगळ्यांना उत्तर देणार आहे, पण सुरुवात त्या मागच्या शटरपासून करा. आज रात्रपाळी असेल तर आजच. बाकीचं आठवड्यानं झालं तरी चालेल, हे नाही.

पुण्याजवळ देवाची उरुळीला ९ मे २०१९ च्या पहाटे साड्यांच्या एका मोठ्या दुकानाला आग लागली. आत झोपलेले पाच कामगार गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. तिथं कुणाला त्यांना मारायचं नव्हतं. रात्री माल सुरक्षित राहावा एवढाच त्या कुलपाचा हेतू असणार. तुमच्या मामांच्या कुलपाचा हेतूही तोच आहे, म्हणून तर हे उदाहरण त्यांना सांगायला हवं.

तुमच्या गोदामात काय काय जळतं ते एकदा डोळ्यांपुढे आणा. पुठ्ठ्याच्या पेट्या, त्यांच्यावर गुंडाळलेलं प्लॅस्टिक, तेलाचे डबे, रिकामे बारदान. अशा जागेत माणूस भाजून मरण्याआधी धुरानं गुदमरतो. वर पत्रा असतो, धूर पत्र्याला लागून साठतो आणि मग थरानं खाली उतरत येतो. काही मिनिटांत उभ्या माणसाच्या नाकापर्यंत पोचतो. दिवे गेलेले असतात. अशा वेळी माणूस ज्या दारानं रोज येतो त्याच दाराकडे पळतो, आणि आग नेमकी त्या बाजूला, चार्जिंगच्या जागेजवळ किंवा गाडीजवळ लागली असेल तर मागचं दार ही एकच वाट उरते. त्या वाटेची किल्ली मालकांच्या घरी! घर दहा मिनिटांवर असलं तरी फार लांब आहे.

करायचं असं. बाहेरचं कुलूप काढा आणि आतून कडी बसवा, ही तात्पुरती सोय एका संध्याकाळी होते. नंतर शटरच्या शेजारी एक छोटं लोखंडी दार करून घ्या, बाहेरच्या बाजूला उघडणारं. त्याला आतून आडवी दांडी असते, ती अंगानं ढकलली की दार उघडतं. हाताला किल्ली लागत नाही, अंधारात कडीही चाचपडावी लागत नाही. बाहेरून मूठच ठेवायची नाही, म्हणजे बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. दार उघडलं की मोठ्यानं घंटा वाजेल अशी साधी जोडणी करा आणि दांडीवर नंबर असलेलं प्लॅस्टिकचं सील लावा. विनाकारण कुणी दार उघडलं तर सील तुटलेलं सकाळी दिसेल आणि त्या वेळचं चित्रण मामांच्या नव्या कॅमेऱ्यात सापडेल. त्यांची चोरीची काळजी इथंच निम्मी मिटते. अशी दारं करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्यांचा आपल्याकडे काय तोटा! शिरोलीत आहेत, उद्यमनगरात आहेत. दाराच्या दोन्ही बाजूंना चार पावलं जागा मोकळी राहील असं बघा. गोदाम भरलं की पहिली पेटी दारासमोरच येऊन बसते. आणि आत एकही माणूस असेपर्यंत पुढचं शटर ओढायचं नाही.

आता चोरीचं बघू, कारण ती खरी आहे आणि मामांचा राग खोटा नाही. पण पेट्या कमी भरतायत म्हणजे नेमकं काय होतंय, हे कुणी शोधलंय का? साबणाची पेटी सदऱ्याखाली घालून कुणी नेऊ शकत नाही. पेटी जाते ती गाडीतून. चलनावर चाळीस लिहून बेचाळीस चढल्या, किंवा येताना पन्नास लिहून अठ्ठेचाळीसच उतरल्या, की गोदामातला माल आपोआप कमी दिसतो आणि संशय हमालांवर जातो. कित्येकदा चोरी झालेलीच नसते, फुटलेल्या पेटीची नोंद राहून गेलेली असते.

म्हणून मोजणी धक्क्यावर, म्हणजे माल गाडीत चढवायच्या-उतरवायच्या ओट्यावर करा. माल उतरताना आणि चढताना दोन माणसांनी वेगवेगळं मोजायचं, एक तुमचा आणि एक गाडीवाला, आणि दोघांनी त्याच कागदावर सही करायची. गाडी भरली की दाराला नंबरचं सील, तो नंबर चलनावर, आणि फाटकावरच्या वॉचमननं तो ताडून बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही. वर्षातून एकदा सगळा माल मोजण्यापेक्षा रोज दोन-तीन वस्तू निवडून मोजा. फरक पडला तर तो कालचा आहे की आजचा हे लगेच कळतं. आठ कॅमेऱ्यांतले निदान तीन धक्क्याकडे आणि फाटकाकडे वळवा. बायकांच्या कपडे बदलण्याच्या जागेकडे, स्वच्छतागृहाच्या दाराकडे एकही नको.

झडतीचं मात्र मला फार लागलं. एका पुरुष वॉचमननं रोज संध्याकाळी बायकांच्या अंगाची झडती घ्यायची, हे आज बंद करा. मामांना विचारून नव्हे, सुपरवायझर म्हणून तुम्हीच बंद करा आणि मग त्यांना सांगा. कुणाच्याही अंगाला हात न लावता काम होतं. पिशव्या, डबे, छत्र्या ठेवायला गोदामाच्या बाहेर, वॉचमनच्या खोलीशेजारी कप्पे करा. आत रिकाम्या हातानं जायचं आणि रिकाम्या हातानं बाहेर यायचं. कधी पिशवी बघायची वेळ आली तर सगळ्यांची बघा. तुमची बघा, ऑफिसातल्यांची बघा, मामांच्या मुलाचीही बघा. बायकांची पिशवी बाईच बघेल. जिच्यावर रोज चोर असल्याचा संशय घेतला जातो, ती बाई उद्या तेलाची गळती दिसली तरी सांगायला कशाला येईल? तुम्हाला गोदामातल्या बारीकसारीक गोष्टी कळायच्या असतील तर त्या माणसांना तुमच्याशी बोलावंसं वाटलं पाहिजे.

वॉचमनचाही विचार करा. तो रात्रभर एकटा असतो. चोर आलेच तर काठी घेऊन मागे धावायचं नाही, आत जाऊन दार लावायचं आणि ११२ ला फोन करायचा, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, आणि मामांच्या तोंडून सांगा. नाहीतर नोकरी जाईल या भीतीनं तो जिवावर उदार होईल.

आणि त्याची पथारी आजच तिथून हलवा. पत्रातलं ते एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलाय, पण कुलपाखालोखाल मला त्याचीच धास्ती वाटते. डाळीत ठेवतात त्या गोळ्या बहुतेक ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या असणार, आपल्याकडे सेल्फॉस म्हणून ओळखतात त्या. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. किडीला मारतो तोच वायू माणसालाही मारतो आणि त्याच्यावर उतारा नाही. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर वायू पसरलाय असं समजायचं, पण वास आला नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही. या गोळ्यांचा वापर सरकारनं तज्ज्ञांच्या देखरेखीपुरता ठेवलाय. परवाना असलेल्या कीडनियंत्रणवाल्याला बोलवा. तो थप्पी ताडपत्रीनं नीट झाकेल, बाहेर धोक्याची पाटी लावेल आणि ठरलेले दिवस गेल्यावर हवा खेळवून मगच जागा उघडेल. तोपर्यंत त्या भागात झोपणं सोडा, डबा खायलाही कुणी बसायचं नाही.

शेतीच्या औषधांनाही वेगळी खोली हवी, आणि तिथं मात्र कुलूप हवंच. साखर-डाळीशेजारी कीटकनाशकाचा डबा ठेवलेला चालत नाही. गळला तर तो माल लोकांच्या घरात जातो.

हमाल मामांच्या पायाकडे येते. ‘घरात पडलो’ असं सांगायला लावणं हा त्या माणसाच्या हक्कावर घाला आहे, तो कसा ते समजून घ्या म्हणजे मालकांना समजावता येईल. कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे आपण ईएसआय म्हणतो ती, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना लागू होते. त्यात मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो आणि कामगार ०.७५ टक्के. आजारपणाची रजा असेल तर पगाराच्या साधारण ७० टक्के मिळतात, तेही वर्गणीचे ठरावीक दिवस भरले असतील तर. दुखापत कामावर झालेली असेल तर ९० टक्के मिळतात आणि दिवसांची अट नाही, नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी. बोटं कायमची गेली असतील तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्याप्रमाणे पुढेही पैसे मिळू शकतात. एका खोट्या वाक्यानं हे सगळं जातं. त्यात मालकाचंही काही वाचत नाही, कारण विम्याची वर्गणी त्यानं भरलेलीच असते.

त्यांचा ईएसआय भरलेला असेल तर उशिरा का होईना, अपघाताचा अहवाल द्या. तारीख, वेळ, कुठली थप्पी, कोण जवळ होतं, सगळं खरं लिहा. तुम्ही साक्षीदार आहात, सही करा. ईएसआय भरलेला नसेल तर नुकसानभरपाई मालकाच्या खिशातून जाते, आणि हे मालकांना माहीत असेल म्हणूनच ‘घरात पडलो’ निघालं असेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, कायद्यांची नावं बदलली, पण कामावरच्या दुखापतीची जबाबदारी मालकाची हे बदललेलं नाही. हमालांची माथाडी मंडळात नोंदणी आहे का, तेही बघा. माथाडींचा कायदा महाराष्ट्रात १९६९ पासून आहे आणि मार्केट यार्डातल्या कुठल्याही जुन्या हमालाला त्याची माहिती असते. तुमच्या मामांना नसेल तर तिथं चौकशी करायला लावा.

ती थप्पी घसरली का, हे कुणी बघितलं का? तुम्ही लिहिलं नाही. साखरेचं पोतं ५० किलोचं. एकावर एक सरळ रचत गेलं की प्रत्येक थराची पोती आपापली सुटी राहतात, मधे फट तशीच वरपर्यंत जाते आणि बाहेरच्या रांगेला आतल्यांचा आधार मिळत नाही. एक थर उभा, पुढचा आडवा असं सांधत गेलं की पोती एकमेकांना धरून ठेवतात. काही थर झाले की पुढचा थर थोडा आत घ्यायचा, म्हणजे थप्पी वर निमुळती होते. खाली लाकडी पॅलेट हवं, जमिनीवर ठेवलेलं पोतं ओल धरतं, तळचं पोतं मऊ पडलं की सगळी थप्पी एका अंगाला कलते. भिंतीपासून माणूस चालू शकेल एवढी जागा सोडा. भिंतीला टेकून उभी राहिलेली थप्पी भक्कम दिसते, पण तिचा भार भिंतीवर पडत असतो. आणि घाईच्या वेळी मधलं किंवा खालचं पोतं ओढून काढायची सवय असते ना, ती मोडा. वरूनच काढायचं, पायरी पायरीनं. मला वाटतं, हमाल मामांच्या बाबतीत असंच काहीतरी झालं असेल. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी तुम्ही स्वतः एक चक्कर मारा. थप्पीला फुगवटा आलाय का, एखादं पोतं फाटून साखर गळतेय का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. कललेली थप्पी दिसली तर तिच्या पायथ्याला कुणी उभं राहायचं नाही, आधी वरून उतरवायची.

हेल्मेट वाया गेले असं नाही. रॅकखाली काम करणाऱ्यांना ते हवेतच. पण तुमच्याकडे जखम पायाला झाली. हमाल चपलेवर किंवा अनवाणीच काम करत असतील, तर पुढे पोलादी टोपी असलेले बूट आधी आणा. प्रत्येकाच्या मापाचे आणा, नाहीतर ते कोपऱ्यात पडून राहतील. उन्हाळ्यात जड होतात अशी तक्रार येणारच, म्हणून हलके बघून घ्या आणि दोन जोड पायमोजेही द्या.

पाठीचंही बोलायला हवं. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या सूत्रानुसार सगळी परिस्थिती अगदी अनुकूल असली तरी एका माणसानं हातानं उचलायचं वजन २३ किलोंपर्यंतच असावं. आपला हमाल त्याच्या दुपटीहून जास्त पाठीवर घेऊन फळीवरून गाडीत चढतो, दिवसभर. हातगाडी, पॅलेट ट्रक, सरकता पट्टा यांपैकी जे परवडेल ते घ्या. पाठीवर घ्यायचंच असेल तर पोतं चढवायला दोघे आणि उतरवून घ्यायला एक जण हवा. फळी रुंद आणि खरखरीत हवी, तिच्यावर तेल सांडलं तर आधी पुसायचं. पन्नाशीच्या पुढच्या माणसांना पोत्यांवरून काढून मोजणीला, सील लावायला, फाटकावर घ्या. त्यांना मालाची जेवढी पारख असते तेवढी तुमच्या संगणकाला नसते.

फोर्कलिफ्टबद्दल तुम्ही फक्त उल्लेख केलाय. गोदामात माणसाला जागच्या जागी मारू शकेल असं रोजचं यंत्र तेच आहे. चालवणाऱ्यानं रीतसर प्रशिक्षण घेतलंय का ते बघा. तो सुट्टीवर गेला की कुणी तरणा पोरगा हौसेनं चालवतो का, तेही बघा. जमिनीवर पिवळा पट्टा ओढून माणसांची वाट वेगळी करा. फोर्कवर किंवा पॅलेटवर उभं राहून कुणीही वर जायचं नाही, दिवा बदलायलासुद्धा. समोर माल उंच असेल आणि पुढचं दिसत नसेल तर गाडी उलटी चालवायची. उभी करताना फोर्क जमिनीला टेकवायचे आणि किल्ली काढून घ्यायची. रॅकच्या पायाला धक्का लागून खांब वाकला असेल तर तो कप्पा त्याच दिवशी रिकामा करा, ‘चालतंय की’ म्हणून सोडू नका. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं बिडी-काडी नको आणि रिकामे पुठ्ठेही नकोत.

धक्क्यावरचा एक धोका सहज नजरेतून सुटतो. गाडी भरताना ती थोडी पुढे सरकते. फोर्कलिफ्ट आत-बाहेर करते तसा प्रत्येक वेळी गाडीला हिसका बसतो आणि धक्का व गाडी यांच्यामधली फट वाढत जाते. तिकडे ड्रायव्हरला वाटतं की झालं भरून, आणि तो गाडी काढतो. त्या वेळी फळीवर कुणी असेल तर तो खाली. मागे घेताना उलटा प्रकार होतो, गाडीचा फाळका आणि धक्का यांच्या मधे माणूस चेंगरतो. गाडी लागली की दोन्ही चाकांखाली लाकडी ठोकळे, आणि गाडीची किल्ली तुमच्याकडे. भरून झालं, सगळी माणसं बाहेर आली हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं, की मग किल्ली द्यायची. गाडी मागे घेताना एकच माणूस हात दाखवेल, तोही बाजूला, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा उभा राहून.

उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव नकोसा होतो. एप्रिल-मेमध्ये जड माल पहाटे आणि संध्याकाळी हलवा, पत्र्यावर वाऱ्यानं फिरणारे पंखे बसवा, पाण्याचा पिंप हाताशी ठेवा. कुणी घामानं निथळताना अचानक कोरडा पडला आणि असंबद्ध बोलायला लागला तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा. मिरचीची पोती हलवताना मास्क द्या. बायकांसाठी वेगळं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. ते नसलं की त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. वर्षातून एकदा सगळ्यांची आरोग्य तपासणी करा, मोफत तपासणीची तरतूद नव्या संहितेतही आहे. फोर्कलिफ्टवाल्याचे डोळे मुद्दाम तपासा.

पावसाळा आपल्याकडे वेगळा धरावा लागतो. तुम्ही शिरोलीचे, पंचगंगेचं तुम्हाला मी काय सांगणार. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आकडे पुराच्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी असतात. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. म्हणजे ऐन वेळी तुमच्या माणसाला कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात नेता येईलच असं नाही. नदी न ओलांडता कुठला दवाखाना गाठता येतो ते जूनच्या आधी ठरवा, आणि त्याचा नंबर भिंतीवर लावा. ३९ फुटांची बातमी आली की खालच्या थरातला माल आणि औषधांचे डबे वर घ्यायला लागा. पाणी आत येऊ लागलं तर मेन स्विच कोण बंद करणार तेही आधीच ठरलेलं असू द्या.

पाणी ओसरल्यावर उंदीर आणि त्यांच्यामागून साप येतात. पायाला चीर असलेला माणूस त्या चिखलात उतरला तर उंदराच्या मुतातून लेप्टो होऊ शकतो. गमबूट द्या, आणि ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यांपैकी काही दिसलं तर ‘पावसाचा ताप’ म्हणून घरी बसू देऊ नका. पोत्यांच्या सांध्यात हात घालण्याआधी बॅटरी मारायची. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मंत्र-उतारा करत बसायचं नाही. पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना.

आगीचे लाल सिलिंडर तुमच्याकडे असतीलच. काट्याचं टोक हिरव्यात आहे का ते बघा. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या टोकावर न धरता बुडाशी धरायची आणि डावी-उजवीकडे फिरवायची. सहा किलोचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. एकात आग विझली नाही तर पुढचा शोधत बसायचं नाही, बाहेर पडायचं आणि १०१ ला सांगायचं. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं, ते तुमच्याकडे होतं का, विचारा. आणि वर्षातून दोनदा खरोखर घंटा वाजवून सगळ्यांना बाहेर काढा, फाटकाबाहेर ठरलेल्या जागी उभं करून डोकी मोजा.

आता तुमचा खरा प्रश्न, मामांशी बोलायचं कसं. कामगारांसमोर बोलू नका आणि रागाच्या दिवशी तर मुळीच नको. घरी जा, मामींच्या हातचा चहा घ्या आणि सांगा, “मामा, एकदा रात्री गाडी भरून झाल्यावर माझ्याबरोबर आत थांबा.” ते आले की पुढचं शटर रोजच्यासारखं ओढा, दिवे घालवा आणि म्हणा, “समोर आग आहे असं समजा. आता बाहेर कसं पडायचं, सांगा.” फार बोलू नका. त्यांना चालू द्या, चाचपडू द्या, मागच्या शटरपर्यंत जाऊन ते ढकलू द्या. ज्या माणसानं भाच्याला शिकवलं तो तिथं उभा राहून ‘असू दे कुलूप’ म्हणेल असं मला वाटत नाही. तुम्ही त्यांचे विरोधक म्हणून उभे नाही, हे त्यांना त्या अंधारात जास्त नीट कळेल.

चोरी थांबवायचा धक्क्यावरचा बेतही त्याच वेळी पुढे ठेवा, म्हणजे ‘कुलूप काढ’ एवढंच सांगायला आलाय असं होणार नाही. खर्चाचं म्हणाले तर विम्याच्या एजंटला त्यांच्यासमोर विचारा, की वाट बंद असताना आग लागून माणूस गेला तर काय काय होतं.

दुसऱ्या दिवशी जे ठरलं ते चार ओळींत लिहून त्यांना पाठवा, तारखेसह. नात्यात लिहिणं कोरडं वाटतं, मला कळतं, तरी पाठवा. आठवड्यात कुलूप निघालं नाही तर रात्रीच्या भरणीला माणसं आत न्यायला तुम्ही नकार द्या, मामा रागावले तरी. त्यानंतरही काही हाललं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, कामगार कार्यालय आणि तुमच्या भागातलं अग्निशमन केंद्र, तिन्हीकडे लेखी अर्ज करता येतो. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये असं मलाही वाटतं, पण आली तर मामींना आधी विश्वासात घ्या.

आणि हमाल मामांचा ईएसआयचा कागद या आठवड्यात करा. त्यांचा विमा क्रमांक, पगारपत्रक आणि दवाखान्याचे कागद जमवायला लागतील. त्यांना एकट्याला पाठवू नका, तुम्ही बरोबर जा.